पावणेदोन किलोची मानाची गोणी

मित्रांनो, हौसेराव फळी चढला. सतरा पावलं, खालपासून वरपर्यंत, स्वतःच्या पायांनी.

आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही. हौसेराव अजून नवी मुंबईत, शिरवण्याच्या चाळीत आडवा आहे, त्याचे पाय ओल्या टॉवेलासारखे पडलेले आहेत आणि तो पुन्हा उभा राहील की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. चेहरा जरा काळजीचा करा. हं, असा.

मी एक जुना पाठीचा पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर तुम्हाला शाळेच्या चड्डीवरचा आठवेल. तो माझा कुणी लागत नाही. मला ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या आहेत, त्यांवर चामडं आहे, पोटावर येणारा कॅनव्हासचा तुकडा आहे, काखेतून जाणारे दोन बंद आहेत आणि पाच बकलं आहेत. वजन पावणेदोन किलो. हे वजन लक्षात ठेवा.

माझा जन्म १९९५च्या फेब्रुवारीत, एका इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. धनेश नावाच्या कारागिरानं मला घडवलं. शेडमध्ये माझ्या आजूबाजूला लाकडी पाय, लाकडी हात आणि मानेच्या कॉलरी लटकत होत्या. सगळे शांत स्वभावाचे. हात होते, पाय होते, पण भांडायला तोंड कुणालाच नव्हतं.

माझी मापं घ्यायला हौसेरावला स्ट्रेचरवर आणलं. तिघांनी मिळून त्याला ओंडक्यासारखं एका दमात कुशीवर वळवलं. धनेशनं टेप धरली आणि म्हणाला, "अशी पाठ मी फक्त तालमीत बघितलीय. हिला काय झालं?"

काय झालं ते सांगतो. हौसेराव साताऱ्याकडचा. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. पन्नास किलोची गोणी पाठीवर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढवायची, हे त्याचं काम. फळी म्हणजे जमिनीपासून ट्रकापर्यंत तिरकी टेकवलेली लांबलचक लाकडी पट्टी. दीड फूट रुंद, चौदा फूट लांब. ती मधोमध दबते आणि पुन्हा वर येते. नवखा माणूस तिच्यावरून रिकाम्या हातांनी चालला तरी कांद्यात पडतो. हौसेराव गोणी घेऊन तिच्यावरून चढताना शिट्टी वाजवायचा.

आदल्या गणपतीपासून त्याची पाठ दुखत होती. संध्याकाळी बारीक ताप यायचा. सदरे सैल होत चालले होते. पण माथाड्याची पाठ दुखणं ही काही बातमी नसते. त्यांच्या टोळीत यावर एक ठरलेला इलाज होता. दुखणाऱ्याला पालथा झोपवायचा आणि टोळीतल्या सगळ्यात हलक्या माणसाला त्याच्या पाठीवरून चालवायचं. तसं चालवलं. बरं वाटेना म्हणून दुसऱ्या आठवड्यात जरा जड माणूस चालवला. तिसऱ्या आठवड्यात टोळीचा मुकादम वामनराव स्वतः चढला. वामनराव पंचाऐंशी किलोचा आहे. मित्रांनो, त्या पाठीत आतल्या आत काय चाललं होतं हे मला माहीत असतं, तर मी जन्माला यायच्या आधीच ओरडलो असतो.

मग एके दिवशी सकाळी हौसेराव मार्केटच्या गेटातून आत आला, चार गाळे ओलांडले, आणि मागून वामनराव म्हणाला, "आरं, तुझी एक चप्पल कुठाय?"

हौसेरावनं खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती गेटाजवळ सुटून पडली होती आणि पायाला पत्ताच नव्हता. आठ दिवसांत तो पाय उचलेनासा झाला. मग दुसराही.

इस्पितळात पाठीचा एक्स-रे फोटो काढला. पाठीच्या मधले दोन मणके टीबीनं पोखरले होते. तिथे पू साठला होता आणि मणक्यांतून पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब पडत होता.

"टीबी?" वामनराव डॉक्टरांवरच चढला. "खोकला न्हाय, काय न्हाय. टीबी पाठीला कसा काय हुतोय?"

"हाडालाही होतो," डॉक्टर म्हणाले. "याची छाती स्वच्छ आहे. याच्यापासून कुणाला काही लागणार नाही. दीड वर्ष गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. तीन महिने कडक लाकडावर सपाट निजायचं. मग पट्टा बांधून उठवू."

"आणि पाय?" हे हौसेरावच्या बायकोनं, राजाबाईनं, विचारलं.

"बऱ्याच जणांचे परत येतात. खात्री मी देत नाही."

आता मित्रांनो, कडक लाकूड म्हटल्यावर साधा माणूस सुताराकडे जाऊन प्लायवूड आणतो. पण ही माथाडी टोळी. त्यांचा जगात एकाच लाकडावर विश्वास होता. दुसऱ्या दिवशी आठ माणसं मार्केटातली फळीच खांद्यावर घेऊन शिरवण्याला आली. रोज शेकडो गोण्या झेलते, हौसेरावला झेलणार नाही का, असा त्यांचा हिशेब. दीड फुटात माणूस मावत नाही, म्हणून शेजारच्या गाळ्याची एक जुनी फळी मागून आणली आणि दोन्ही जोडून बांधल्या. त्यावर सतरंजी घातली.

खोली होती दहा फुटांची. फळी होती चौदा फुटांची. चार फूट फळी दरवाजातून बाहेर ओटीवर गेली. पुढचे तीन महिने त्या घराचा दरवाजा लागला नाही.

चाळीची मालकीण यशोदाबाई. मूळची शिरवण्याचीच, आगरी. तिनं कमरेवर हात ठेवले. "आगो राजाबाय, यी फली माजे वटीवर कशाला आयली? मानसा येतान-जातान, कोन परला तं?"

राजाबाईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता खोली जाणार. ती म्हणाली, "ह्यांना लाकडावर निजवायला सांगितलंय, मावशी. तीनच महिनं."

यशोदाबाईनं आत डोकावून हौसेरावकडे बघितलं, मग बाहेरच्या चार फुटांकडे बघितलं. संध्याकाळी तिनं त्या चार फुटांवर बोंबील वाळत घातले.

मी तेव्हा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो. मापं घेतली, घडवला, घरी आणला, आणि नोकरी मात्र फळीला. तीन महिने! एका अंगठाछाप लाकडावर हौसेराव निजतो आणि मी, पाच बकलांचा, कॅलेंडरशेजारी लटकतो. फळी कांद्याचा वास सोडायची आणि वर मिजास, की माझ्यावरून किती ट्रक भरले. मी तिला बजावलं होतं, "तू याला झोपवून ठेव. उठवणार मीच." फळी गप्प राहिली. लाकडाचा हाच फायदा असतो.

राजाबाई सकाळी गोळ्या द्यायची आणि मार्केटात कांदा निवडायला जायची. ती नसताना यशोदाबाई येऊन त्याला कुशीवर वळवायची आणि वळवताना शिव्या द्यायची. दर शनिवारी इस्पितळातून राजेश्वरी मॅडम यायची. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्याकडे एक तक्ता होता. बोटं हलवणे, गुडघा वाकवणे, बसणे, उभे राहणे, दहा पावले चालणे. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. ती तळपायाला टाचणी टोचायची आणि विचारायची, "कळतंय का काका?"

"न्हाय."

"आता?"

"तू टोचतीयास का नुसतीच इचारतीयास?"

एका शनिवारी हौसेरावनं तिचं पेन मागून घेतलं आणि तक्त्याच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: फळी चढणे.

"काका, अशी टेस्ट नसते."

"तुझी नसंल. माझी हाय."

मॅडमनं त्याच्यापुढे पट्टीनं एक चौकोन आखला. रिकामा. मला त्या क्षणी ती मुलगी आवडली.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी यशोदाबाईची किंकाळी आली. "राजाबाय, धाव गो! माजे बोंबील हालतान!"

राजाबाई नुकतीच कामावरून आली होती. "वारं असंल, मावशी."

"वारा कयचा! झाराचा पान हालत नाय, नं बोंबील कशे हालतान?"

फळीचं बाहेरचं टोक अधांतरी होतं. आत झुरळ शिंकलं तरी बाहेर कळायचं. राजाबाईनं मान वळवून आत बघितलं. हौसेरावच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. हौसेराव छताकडे बघत होता आणि घामाघूम झाला होता.

"आवं," राजाबाई म्हणाली.

"पडला का एखादा?" हौसेरावनं विचारलं.

"काय?"

"बोंबील."

"न्हाय."

"मग थांब." त्यानं दात आवळले. बाहेर ओटीवर एक बोंबील खाली पडला. यशोदाबाईनं तो उचलला नाही. मांजराला खाऊ दिला, आणि त्या दिवसापासून पडेल तो बोंबील मांजराचा, असा नियम करून टाकला. एप्रिलच्या शेवटी मांजराला दरवाजातून नीट जाता येईना. राजेश्वरी मॅडमच्या तक्त्यात तुम्हाला त्या काळातली एक नोंद अजून सापडेल: उजवा पाय चार बोंबील, डावा दोन.

मे महिन्यात मला खिळ्यावरून काढलं. पहिल्यांदा त्या पाठीला टेकलो तेव्हा कळलं की मधोमध एक मणका टेंगळासारखा बाहेर आलाय. मी त्याच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलो. त्याला म्हटलं, तू काही सरळ होणार नाहीस, मला माहीत आहे. पण आता याहून वाकायचं नाही. केसभरसुद्धा नाही. आणि मित्रांनो, तो वाकला नाही.

पहिल्या दिवशी हौसेराव अर्धा मिनिट बसला आणि त्याला घेरी आली. आठव्या दिवशी जेवायला बसला. जूनमध्ये वॉकर धरून उभा राहिला, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "हा पंखा किती मळलाय." ऑगस्टमध्ये तो चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत एकटा गेला आणि एकटा परत आला. राजाबाईनं पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं की यशोदाबाई सांगायची, "पास झायला."

दोन्ही फळ्या मार्केटात परत गेल्या. जाताना आमची फळी दरवाजात अडकली, मागेपुढे झाली, पुन्हा अडकली. मी वळूनही बघितलं नाही. मला मान नाही, हे एक कारण.

दसऱ्याला टोळीत आकड्यांची पूजा असते. गोणीत खुपसून ओढायचे ते लोखंडी आकडे. सगळे धुऊन रांगेत मांडतात, हळदकुंकू वाहतात. वामनराव म्हणाला, "पट्ट्याचीबी पूजा हुईल. त्यो आपल्या माणसाचं हत्यार हाय." पण मला काढायची बंदी होती. तेव्हा हौसेरावलाच आकड्यांच्या रांगेत पाठमोरा बसवला आणि माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. चौथ्या बकलात झेंडू अडकवला. आरती झाली. हौसेराव भिंतीकडे तोंड करून टाळ्या वाजवत होता. नारळ फोडताना वामनराव म्हणाला, "आता मानाची गोणी कधी?"

हे तुम्हाला समजलं पाहिजे, कारण सगळं इथेच अडलं होतं. माणूस गावाहून आला, आजारातून उठला, तुरुंगातून सुटला, काहीही असो, टोळीत परत यायचं तर पहिली गोणी मुकादमाच्या हातून पाठीवर घ्यायची आणि फळी चढायची. ती मानाची गोणी. ती चढवली की तो टोळीचा. नाही चढवली तर पाहुणा. त्याला चहा मिळतो, पण हाक मिळत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय आले तरी पाठीवर गोणी जन्मात घ्यायची नाही.

"नेम म्हंजे नेम," वामनराव म्हणाला. बोलताना तो नारळाकडे बघत होता. "मी माझ्या बापालाबी सूट दिली न्हवती."

पुढे डिसेंबरात एकदा घरी कुणी नव्हतं. कोपऱ्यात गावाहून आलेलं तांदळाचं पोतं होतं. वीस किलोचं. हौसेरावनं वॉकर बाजूला ठेवला आणि पोत्यापुढे उभा राहिला. माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, नाही. तो वाकायला लागला. मी वाकलो नाही. तो जोर करतो, मी जोर करतो. कमरेतून वाकता येईना म्हणून त्यानं खांदा तिरका केला, तशी मी डावी पट्टी त्याच्या बरगडीत रुतवली. त्यानं मला शिवी दिली. ती शिवी मी इथे सांगू शकत नाही, पण ती माझ्या आईला लागू होत नव्हती, मला धनेशनं घडवलं होतं. शेवटी त्यानं सगळा जीव लावला आणि माझा काखेतला बंद कचकन तुटला. तुटला, पण वाकलो नाही. तो पोत्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

राजाबाई आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिनं तुटलेला बंद बघितला, पोतं बघितलं.

"ह्ये उचलणार हुता?"

"बघत हुतो."

"आणि पाय गेलं असतं तर? मी त्या फळीवर पुन्हा तुम्हाला न्हाय निजवणार. सांगून ठेवते. बोंबलासंगं बाहेर ठेवीन."

मग तिनं दाभण घेतलं आणि माझा बंद शिवला. गोणी शिवतात त्या सुतळीनं. तो अजून तसाच आहे.

१९९६च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी नवा फोटो बघितला. मणके एकमेकांना धरून बसले होते. पट्टा काढायला हरकत नाही, म्हणाले. गोळ्या मात्र सुरूच. हौसेरावनं मला काढून हातात घेतलं आणि सरळ मार्केट गाठलं. वॉकर नाही. एक पाय जरा घासत होता, पण आपला होता.

टोळी जमली. ट्रक उभा होता. फळी टेकवलेली होती, तीच, आमची. राजाबाई कांद्याच्या ढिगाजवळून उठून आली.

वामनराव गोण्यांच्या थप्पीपुढे उभा राहिला आणि त्यानं एका गोणीवर हात ठेवला. पण आकडा काही लावेना. नेम मोडवेना आणि माणूसही मोडवेना. हौसेरावनं मला एका ढिगावर ठेवलं आणि पाठ पुढे केली. "लावा," म्हणाला.

तेवढ्यात राजाबाईनं एक रिकामी गोणी झटकली, मला उचललं, आत कोंबलं आणि तोंड सुतळीनं आवळलं.

"ही घ्या. ही द्या ह्यांना."

"राजाबाई, ही कसली गोणी?"

"तुमच्या नेमात वजन लिवलंय का?"

वामनरावनं विचार केला. त्याच्या बापानं, आज्यानं, कुणीच वजन सांगितलेलं नव्हतं. "न्हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोठा झाला. "आरं बघता काय? चला, दोघं या!"

मित्रांनो, पावणेदोन किलोच्या गोणीला दोन गड्यांनी दोन बाजूंनी हात घातला. दोघांनी श्वास भरला. वामनरावनं "हूं" म्हटलं. दोघं कण्हत कण्हत उठले, जणू आत अख्खं नाशिक भरलेलं होतं, आणि मला हौसेरावच्या पाठीवर ठेवलं.

गोणीतून काही दिसत नाही. मी ऐकत होतो. एक. दोन. फळी करकरली. पाच. सहा. शिट्टी नव्हती. आठ. नववं पाऊल मधोमध पडतं, तिथे फळी सगळ्यात जास्त दबते.

फट् असा आवाज आला. हौसेराव थांबला.

खाली कुणीतरी "आई गं" म्हणालं. मला काहीच कळेना. मी गोणीत बांधलेला, पाच बकलं असून एकही कामाचं नाही. तो अडला होता आणि मी त्याला धरलेलं नव्हतं.

"चप्पल," हौसेराव वरून म्हणाला. "डाव्या पायातली चप्पल सुटली."

खाली सगळे फळीजवळ सरकले.

"वामनराव, सुटली ती कळली मला! पायाला कळली!"

त्यानं बोटांनी चाचपडून चप्पल शोधली, पायात अडकवली, आणि दहावं पाऊल टाकलं. फळी इतकी हळू वर आली, की मी तिला सगळं माफ केलं. जवळजवळ सगळं. सतराव्या पावलाला त्यानं मला ट्रकात टाकलं. टाकलं म्हणजे गोण्या टाकतात तसं, धप्पकन. माझं एक बकल वाकलं. मान होता, सहन केला.

खालून वामनरावनं हाक मारली, "हौश्या, खाली ये! दुसरा ट्रक लागलाय!"

ती हाक होती. मिळाली. शनिवारी राजेश्वरी मॅडमनं शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पुढे कंसात लिहिलं, वजनासह.

पुढे हौसेरावनं गोणी उचलली नाही. तो वजनकाट्यापाशी उभा राहून गोण्या तोलतो आणि उचलणाऱ्यांना नावं ठेवतो. दीड वर्षाच्या गोळ्या त्यानं शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. मी टोळीच्या खोलीत आकड्यांशेजारी लटकतो. चामड्याला चिरा गेल्यात. माझ्या बंदांवर लोक जेवणाचे डबे अडकवतात. दसऱ्याला फूल मिळतं, बाकी वर्षभर चटणीचा वास. माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. परवा टोळीतला रणजीत कंबर धरून उभा होता. म्हणाला, दोन महिने झाले, संध्याकाळी कणकण येते. आणि एकजण म्हणाला, पालथा हो, चालतो पाठीवर. त्या क्षणी मी खिळ्यासकट खाली पडलो. मुद्दाम. हौसेरावनं मला उचललं, रणजीतकडे बघितलं आणि त्याला रिक्षात घालून थेट इस्पितळात नेलं. टीबीच निघाला, पण वेळेत सापडला; रणजीतचे पाय अजून त्याचेच आहेत. लागलाच पट्टा तर असावा म्हणून माझी बकलं मात्र पुसून ठेवलीत.

म्हणून मित्रांनो, पाठीवर कुणाला चालवू नका. ताप येत असेल आणि पाठही दुखत असेल तर फोटो काढा. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. हे सांगून झालं. आता माझा अर्ज तेवढा योग्य जागी पोचवा. जागा कोणती, हे मलाही माहीत नाही.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
जिथे कुठे असतील तिथे.

विषय: सेवेतून कायमचे कमी करण्याबाबत.

महोदय, मी खाली बकले वाकवणारा पाठीचा पट्टा, वजन पावणेदोन किलो, एक पाठ सरळ ठेवल्याचा अनुभव. मार्केटात येणाऱ्या प्रत्येक पाठीची वेळेवर तपासणी व्हावी, प्रत्येकाला शेवटची गोळी मिळावी आणि यापुढे एकाही माणसाला माझी गरज लागू नये, असा आदेश काढून मला तात्काळ व कायमस्वरूपी बेकार करण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत: सुतळीने शिवलेला एक बंद. पाहून परत करावा.